सणाला जावे पाहुणा म्हणून

प्रवासाची हौस आणि सणाची हौस या दोन्ही गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. आषाढीला पंढरपूरची वाट धरणारे वारकरी काही आजकालचे नव्हेत, आणि आमच्या भागातील आगरी-कोळी मंडळी चैत्रात पालख्या घेऊन कार्ल्याच्या एकविरेला जातात, तीही पिढ्यानपिढ्या. पण या प्रवासात माणूस आपल्याच दैवताकडे, आपल्याच उत्सवाला जात असतो. दुसऱ्याचा सण पाहण्यासाठी तिकीट काढून जाणे ही गोष्ट मात्र नवी आहे. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच परदेशातील नाताळच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. अशा सहलीचा बेत कसा आखावा, किंबहुना तो आखावा की नाही, यावर चार शब्द लिहावेसे वाटले. कारण सध्या आमच्या डोलवीच्या घरात नेमका हाच वाद चालू आहे.

माझी आतेबहीण आयर्लंडमध्ये कॉर्क शहरी परिचारिका आहे. "नाताळच्या सुट्टीत सगळे या, इकडचे सण बघा," असे तिचे बोलावणे आले आणि घरात दोन तट पडले. काकांचे म्हणणे असे, की एवढा पैसा खर्चून जायचे तर दहा दिवसांत डब्लिनपासून बेलफास्टपर्यंत सगळे उरकूनच यावे. बाबांचे म्हणणे असे, की इथली पोपटी सोडून तिकडे थंडीत कुडकुडायला जायचेच कशाला? मला हे दोन्ही पक्ष पटत नाहीत. जावे, अवश्य जावे; पण सणाला जायचे तर पाहुणा म्हणून जावे, प्रेक्षक म्हणून नव्हे. हा भेद नुसता शब्दांचा नाही. सहलीचे दिवस, ठिकाणे आणि खर्च ही सारी त्यावर ठरतात.

प्रथम काकांचा पक्ष घेऊ. आयर्लंडचा नाताळ 'पाहायला' जाणाऱ्याची पहिली फजिती खुद्द २५ डिसेंबरलाच होते. त्या दिवशी त्या देशात आगगाड्या धावत नाहीत, सार्वजनिक बसगाड्या सुटत नाहीत, आणि डब्लिनच्या विमानतळावरून नेहमीची उड्डाणेही होत नाहीत. दुकाने बंद, पबही बंद. दिवस तर अवघा साडेसात तासांचा. सकाळी साडेआठ उलटून गेल्यावर सूर्य उगवतो आणि दुपारी चार वाजून गेले की मावळतो. रस्त्यावर चिटपाखरू नसते, कारण सारा देश आपापल्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती बसलेला असतो. ज्याला त्या दिवशी कोणाचे दार उघडे नाही, त्याने हॉटेलच्या खोलीत बसून खिडकीबाहेरचा पाऊस मोजावा! बेलफास्टची गोष्ट तर आणखी वेगळी. ते शहर आयर्लंड बेटावर असले तरी राज्य ब्रिटनचे. तेव्हा प्रवेशपत्राचा विचार निराळा करावा लागतो. आणि युरोपातील बऱ्याच देशांना मिळून जो शेंगेन व्हिसा चालतो, तो आयर्लंडला चालत नाही, हेही अनेकांना विमानाचे तिकीट काढल्यावरच कळते.

आता गंमत पाहा. ज्या आतेबहिणीच्या भरवशावर हा बेत चालला आहे, ती २५ डिसेंबरला घरी नसणारच. ती त्या दिवशी आपणहून कामावर राहते. तिच्या बरोबरीच्या आयरिश बाईला मुलाबाळांत नाताळ करता यावा म्हणून ही तिची पाळी करते, आणि भाद्रपदात गणपतीला ती बाई हिची पाळी करते. मला विचाराल तर साऱ्या सहलीत मला पाहावीशी वाटणारी गोष्ट हीच. सणाचे मर्म या दोघींना कळले आहे. एकीने दुसरीचा सण पाहिला नसेल. पण तो तिला साजरा करता यावा म्हणून स्वतःची रात्र दिली.

सणांना वार आणि तारीख असते, तसा ऋतूही असतो. आयर्लंडच्या जुन्या पंचांगात वर्षाचे चार खांब होते: फेब्रुवारीच्या आरंभी इंबोल्क, मेच्या आरंभी बेल्तने, ऑगस्टच्या आरंभी लूनासा आणि नोव्हेंबरच्या आरंभी साविन. हे चारही खांब शेतीत आणि गुराढोरांत रोवलेले. इंबोल्कला मेंढ्यांना दूध फुटते, बेल्तनेला गुरे डोंगरावरच्या कुरणात जातात, लूनासाला नवे धान्य येते आणि साविनला सुगी आटोपून गुरे परत गोठ्यात येतात. पुढे ख्रिस्ती धर्म आला तरी खांब हलले नाहीत. नावे तेवढी बदलली. इंबोल्कच्या जागी १ फेब्रुवारीला संत ब्रिजिटचा दिवस आला. त्या दिवशी पाणथळीतल्या लव्हाळ्याचा क्रूस विणून घरात लावतात. २०२३ पासून तिच्या नावाने त्या देशात सार्वजनिक सुट्टीही मिळू लागली. त्याच्याही मागे जायचे तर न्यूग्रेंजची दगडी समाधी आहे. ती पाच हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडांहून जुनी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, वर्षातला सर्वांत लहान दिवस येतो त्या सुमारास, उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून आत शिरतो आणि शेवटचा गाभारा काही मिनिटे उजळतो. ते पाहण्यासाठी आत कोणी जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. आणि आभाळ भरलेले असले तर चिठ्ठी लागूनही अंधारच पदरी पडतो. निसर्गाने कोणाला तिकीट विकलेले नाही!

साविनचीच गोष्ट सर्वांत बोलकी आहे. त्या रात्री डोंगरावर होळ्या पेटत. मेलेली माणसे घराकडे येतात अशी समजूत असे. सलगम पोखरून त्यात दिवा ठेवत. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, आणि पुढल्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्या बेटाची दुष्काळापूर्वीची लोकसंख्या अजून भरून आलेली नाही. अमेरिकेत गेलेल्यांनी हा सण बरोबर नेला. तिकडे सलगमाऐवजी मोठा भोपळा हाताशी आला. पुढे बाजाराने त्याला मुखवटे, चॉकलेटे आणि भुताचे कपडे जोडले, आणि तोच सण 'हॅलोवीन' होऊन जगभर हिंडू लागला. आता तो मुंबईच्या दुकानांत आला आहे आणि तिथून आमच्या पेणपर्यंतही. भोपळा कोरणाऱ्या आपल्या मित्रांना मी हसत नाही. पण त्या भोपळ्याच्या पोटात एक दुष्काळ आहे, आणि आपल्या मेलेल्यांची वाट पाहणारे एक घर आहे, हे त्यांना ठाऊक असावे एवढेच माझे म्हणणे.

यावर कोणी म्हणेल, की सणाचा सोहळा करून लोकांना दाखवण्यात गैर ते काय? हा आक्षेप रास्त आहे. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी घरातला गणपती चौकात आणला आणि त्यातून समाज जागा झाला. योगायोग असा, की त्याच १८९३ साली डब्लिनमध्ये डग्लस हाइड आदींनी आयरिश भाषा वाचवण्यासाठी गेलिक लीग स्थापली. संत पॅट्रिकच्या दिवसाची मिरवणूक न्यूयॉर्कमध्ये १७६२ पासून निघते. खुद्द डब्लिनचा आजचा मोठा महोत्सव सुरू झाला तो १९९६ साली, आणि पाहुणे यावेत हा त्यामागचा एक उघड हेतू होता. मीथ परगण्यात २०१९ पासून साविनच्या नावाने मोठा उत्सव भरतो, तोही पर्यटकांसाठीच. त्याने गावांना चार पैसे मिळतात, तरुणांना आपल्या जुन्या कथा पुन्हा ऐकू येतात. तेव्हा मिरवणूक वाईट नाही. परंतु मिरवणूक म्हणजे सणाचे अंगण झाले. अंगणात उभे राहून परत फिरणाऱ्याने घर पाहिले असे म्हणू नये, आणि अंगण झगमगीत ठेवता ठेवता घर ओस पडू देऊ नये.

हे आम्हा डोलवीकरांना सांगायला नको. आमचे गाव मुंबई-गोवा महामार्गावरचे. गणपतीच्या आदल्या दोन-तीन रात्री वडखळ नाक्यापासून गाड्यांची जी रांग लागते, ती आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पळस्पे ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटर रस्त्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले, त्यालाही दशक उलटून गेले. तरी दर वर्षी चाकरमानी खड्डे मोजत, पोरांना मांडीवर निजवत, डोक्यावरच्या टपाला सामान बांधून जातातच. त्यांना कोणी जाहिरात दाखवलेली नसते. घरात गणपती बसायचा आहे आणि आपण तिथे असायला हवे, एवढेच त्यांना माहीत असते. नाताळच्या आठवड्यात डब्लिनच्या विमानतळावर दूरदेशीहून घरी परतणाऱ्या मुलांना मिठ्या मारणारे आईबाप आणि वडखळला पहाटे चहासाठी थांबलेले हे चाकरमानी यांत मला फरक दिसत नाही. दोन्ही देशांनी आपली माणसे पोटासाठी बाहेर पाठवली, आणि दोन्हीकडे सण हे त्यांना घरी बोलावण्याचे निमित्त झाले.

या नात्याचा एक पुरावा तर आपल्या कोकणातच आहे. २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील डॉ. अशोक वराडकर हे मूळचे सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातील वराड गावचे, आई आयरिश. पंतप्रधानपदावर असताना, २०१९ च्या डिसेंबरअखेरीस, नाताळ-नववर्षाच्या सुट्टीत वराडकर आईवडील, बहिणी आणि लहान मुले यांच्यासह वराडला आले. ही सरकारी भेट नव्हती. एका कुटुंबाच्या तीन पिढ्या मूळ घराला आल्या होत्या. आम्ही आयर्लंडला जाण्याचे मनोरे रचतो त्याच सुट्टीत त्या देशाच्या पंतप्रधानाला वराडची वाट धरावीशी वाटली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता बाबांच्या पोपटीकडे वळतो. पेण-अलिबागकडच्यांना ती सांगायला नको, परंतु आपल्या महाविद्यालयात घाटावरचे विद्यार्थीही आहेत. भात कापून झाले की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबरअखेरीस शेंगा भरू लागल्या, की थंडीच्या रात्री शेतावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून भरायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडके पालथे ठेवून भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. मडक्यावर पाण्याचे चार शिंतोडे मारले आणि ते चर्र करून उडाले, की पोपटी झाली. साविनची होळी आणि आमची पोपटी यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण सुगी आटोपलेला शेतकरी थंडीत विस्तवाभोवती बसतो ही गोष्ट दोन्हीकडे एकच.

आता मुंबईचे लोक मोटारी घेऊन पोपटी 'पाहायला' येतात. शेतघरे भाड्याने मिळतात, माणशी दर ठरतो. त्यात आमच्याच काही पोरांना पैसा मिळतो, त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. पण येणाऱ्यांत दोन जाती मला स्पष्ट दिसतात. एक जण खुर्चीत बसून "अजून किती वेळ?" असे विचारत राहतो आणि मडके उघडताना फोटो काढतो. दुसरा दुपारीच येतो, भांबुर्डी ओळखायला शिकतो, शेंगा निवडायला बसतो, धुराने डोळे चोळतो आणि जाताना म्हणतो, "आमच्याकडे हुरड्याला या." पैसे दोघांनीही सारखेच मोजलेले असतात, पण पुढल्या वर्षी आमची आजी आठवण काढते ती दुसऱ्याची.

मात्र पाहुणा यायला यजमानाकडे सण शिल्लक असावा लागतो, आणि सण शिल्लक राहायला जमीन. आयर्लंडमध्ये १८८० साली मेयो परगण्यातल्या कुळांनी बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्यावर जो बहिष्कार घातला, त्यावरून इंग्रजी भाषेला एक नवा शब्द मिळाला. आमच्या खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसता संप चालवला. पिकवलेल्या दाण्यातला वाजवी वाटा पिकवणाऱ्याला मिळावा हेच दोन्हीकडचे भांडण होते. ज्याच्या घरात दाणा नाही त्याची सुगी कसली आणि सुगीचा सण कसला? आज डोलवीत पोलादाचा मोठा कारखाना आहे. धरमतरच्या खाडीत त्याच्या मालाच्या बार्जी येतात. त्याने आमच्यातल्या अनेकांना पगार दिला, आणि त्या पगारावरच आमच्यासारखी मुले महाविद्यालयाची पायरी चढली. पण जिथे भात आणि मागून वाल होत असे, अशा कितीतरी जमिनी आता नाहीत. पोपटीच्या शेंगा आम्हीदेखील पेणच्या बाजारातून विकत आणू लागलो आहोत. विकतच्या शेंगांची पोपटी होते, चवही लागते. पण कोणत्या पंधरवड्यात शेंग भरते, भांबुर्डी कुठल्या बांधावर उगवते, हे सांगणारे माणूस घरात उरले नाही, तर आमच्या मुलांना पोपटीही तिकीट काढूनच पाहावी लागेल. बाबांना मी हेच म्हणतो, की पोपटी टिकवायची तर आयर्लंडला न जाऊन ती टिकणार नाही. पुढल्या कार्तिकात उरलेल्या दोन गुंठ्यांत वाल पेरावा लागेल.

तेव्हा माझा बेत असा आहे. दहा शहरे नकोत. एक घर पुरे. नाताळाआधी कॉर्कला पोचावे. २५ तारखेला बहीण पाळीवरून दमून येईल तेव्हा तिला गरम भात आणि कोलंबीचे कालवण आपण करून वाढावे. २६ डिसेंबरला कोणाची मोटार मिळाली, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या डिंगलला जावे. तिथे त्या दिवशी पेंढ्याचे पोशाख करून, वाद्ये वाजवीत 'रेन' नावाच्या चिमण्या पक्ष्याची मिरवणूक काढतात. पूर्वी खरा पक्षी मारीत, आता खोटा नेतात. सण जिवंत राहूनही त्यातली क्रूरता सोडता येते, हे शिकण्यासारखे आहे. आणि परतण्याची घाई न करता ६ जानेवारीपर्यंत थांबावे. कॉर्क आणि केरी भागात तो 'स्त्रियांचा नाताळ' मानतात. वर्षभर राबलेल्या बायका त्या दिवशी बाहेर जमतात आणि घरातले काम पुरुषांनी करायचे असते. आमच्या काकांनी पाहण्याजोगा सण तो हाच, असे आजीचे ठाम मत पडले आहे.

बरोबर काय न्यावे? शेंगा, पाला किंवा मांस विमानातून तिकडे नेता येणार नाही. नेता येईल ती गोष्ट आपल्या तोंडी असते. यजमानाने "तुमच्याकडे या दिवसांत काय असते?" असे विचारले, तर मडके कसे भरतात, गौरीला ओवसा कसा भरतात, पेणच्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या गणेशमूर्ती कित्येक महिने आधीच का रवाना कराव्या लागतात, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. ज्याला आपल्या घरचे काही सांगता येत नाही, त्याच्याशी यजमान हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि दुसऱ्याकडे वळतो. आणि निघताना परतीचे बोलावणे दिलेच पाहिजे. जी आयरिश बाई दर भाद्रपदात आमच्या बहिणीची पाळी करते, तिने एकदा तरी गणपतीला डोलवीला यावे, असा आमच्या घरात एकमताने ठराव झाला आहे. या वादात एकमत झालेला ठराव हा एवढाच!

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यातले बरेच जण उद्या नोकरीधंद्यासाठी दूर जातील, कोणी देशाबाहेरही जातील. तिथले सण अवश्य पाहा, त्यांच्या विस्तवाशी बसा, त्यांचे गोडधोड खा. मात्र जाण्यापूर्वी येत्या सुट्टीत आपल्या आजीजवळ बसून आपल्या गावच्या वर्षातले सण महिन्यांच्या ओळीने वहीत उतरवून घ्या. कोणत्या सणाला शेतात काय उभे असते, कोणता पदार्थ होतो, कोणाला बोलावतात, हे सारे तिच्या शब्दांत लिहा. आगरी बोलीतले असतील तर त्याच बोलीत लिहा. पुढच्या अंकासाठी आपल्या संपादक मंडळाने अशा वह्या मागवाव्यात, अशी माझी विनंती आहे. डोलवीची वही मी देतो.